पोलादाची मळी
(अशुद्ध कण कसे जन्मतात, कसे वाढतात आणि शाफ्ट-बेअरिंगला कसे भोवतात)



हंगाम संपला की मिलचे रोलर बाहेर निघतात, टर्बाईनचा गिअर बॉक्स खोलला जातो आणि बदलायच्या सुट्या भागांची यादी संचालक मंडळापुढे जाते. या यादीवरून सभासदांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. दोन दरपत्रके आहेत, माप एकच, पोलादाचा ग्रेडही कागदावर एकच. मग जास्त दराचा माल घ्यायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. पैसा उसाचा आहे आणि ऊस सभासदाचा आहे. त्यावर "क्लीन स्टील आहे, व्हॅक्यूम डीगॅस्ड आहे" असे उत्तर मिळाले की विचारणारा खाली बसतो, पण त्याचे समाधान झालेले नसते. लोखंड ते लोखंड, त्यात स्वच्छ आणि अस्वच्छ काय असायचं?

ज्याने गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढताना पाहिली आहे, किंवा आपल्या कारखान्यात पॅनवर ग्रेन कसा धरतात ते पाहिले आहे, त्याला ही गोष्ट समजायला अजिबात जड नाही. किंबहुना पोलादवाल्यांपेक्षा आपल्यालाच ती लवकर समजावी.

पोलादाचा तुकडा कापून, घासून आरशासारखा चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पट मोठा करून पाहिला, तर उजळ जागेवर बारीक काळे-करडे ठिपके दिसतात. काही गोल, काही ओळीने चाललेल्या मुंग्यांसारखे, काही लांब रेघेसारखे. हेच अशुद्ध कण. धातुशास्त्रात यांना 'इन्क्लूजन' म्हणतात. त्यांची मापे मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ॲल्युमिनियम घालून केलेल्या साध्या पोलादाच्या एका किलोत असे एक कोटी ते शंभर कोटी कण असतात असा जाणकारांचा अंदाज आहे. आकडा ऐकून दचकू नका. त्यातले बहुतेक एवढे बारीक असतात की ते कुणाचे काही बिघडवत नाहीत. शंभर मायक्रॉनच्या आसपासचे त्या किलोत काहीशे निघतात आणि दोनशेच्या वरचा एखादाच, तोही असला तर. सगळी लढाई या थोड्यांशी आहे.

हे कण येतात कुठून? काही बाहेरून येतात: भट्टीच्या विटेचा झिजलेला चुरा, वर तरंगणाऱ्या धातुमळीचा ओतताना आत ओढला गेलेला थेंब. हे मोठे असतात, वाईट असतात, पण त्यांच्याबद्दल समजावून सांगण्यासारखे फार नाही. काळजी घेतली तर ते कमी होतात, हयगय केली तर वाढतात. आजचा धडा आहे तो दुसऱ्या जातीचा. हे कण बाहेरून पडत नाहीत. काचेसारख्या नितळ, वितळलेल्या पोलादात ते आपोआप जन्म घेतात आणि वाढतात. ते जन्मतात आपणच घातलेल्या औषधातून.

ऑक्सिजनचे दुखणे

खनिजापासून निघालेल्या कच्च्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो. तो जाळून कमी केला की पोलाद होते, आणि जाळायचा तर ऑक्सिजन हवा. म्हणून वितळलेल्या धातूत ऑक्सिजन फुंकतात. कार्बन जातो, पण थोडा ऑक्सिजन धातूत विरघळून राहतो. साखर पाण्यात विरघळते तसाच. डोळ्याला काही दिसत नाही. १६०० अंश सेल्सिअसला वितळलेले लोखंड जास्तीत जास्त पाव टक्क्याच्या जरा आत ऑक्सिजन पोटात ठेवू शकते. पण तेच लोखंड गोठले की त्याला तो जवळजवळ अजिबात ठेवता येत नाही. गरम पाकात मावलेली साखर पाक गार झाल्यावर बाहेर पडते, तोच हा न्याय. गोठताना बाहेर पडणारा ऑक्सिजन उरलेल्या कार्बनला धरतो, त्यांचा वायू होतो आणि पोलाद फसफसते. आत पोकळ्या राहतात.

इंग्लंडात हेन्री बेसेमर याने १८५६ साली हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली, तेव्हा ज्यांनी ज्यांनी त्याची रीत विकत घेतली त्यांचे पोलाद घणाखाली तडकू लागले. त्यात फॉस्फरसचे दुखणे वेगळे होते, पण ऑक्सिजन आणि गंधक ही दोन मोठी कारणे होतीच. रॉबर्ट मुशेट याने त्याच सुमारास मँगनीज असलेले लोखंड शेवटी मिसळून उपाय दाखवला. मँगनीज ऑक्सिजनलाही धरते आणि गंधकालाही. पुढे सिलिकॉन आले, मग ॲल्युमिनियम आले. आज चांगल्या मिश्र पोलादात ऑक्सिजन मारायला मुख्यतः ॲल्युमिनियमच वापरतात. असे पोलाद साच्यात फसफसत नाही, निपचित पडून गोठते, म्हणून त्याला 'किल्ड स्टील', म्हणजे मारलेले पोलाद, म्हणतात. नाव जरा भयंकर आहे, पण माल चांगला असतो.

मिश्र पोलादात तर ऑक्सिजन आधी मारणे भागच असते. क्रोमियम, मँगनीज, व्हॅनेडियम हे महाग धातू स्वतःच ऑक्सिजनचे भुकेले. ऑक्सिजन तसाच ठेवून ते आत टाकले तर त्यातला बराच भाग जळून मळीत जायचा. खत टाकायच्या आधी तण काढावे तसे हे आहे.

आता हिशेब बघा. ५० टन वितळलेले पोलाद एका लेडलमध्ये, म्हणजे विटांचे अस्तर लावलेल्या भल्यामोठ्या बादलीत, आहे असे धरू. त्यात दहा लाख भागांत ४०० भाग ऑक्सिजन विरघळला आहे. म्हणजे २० किलो ऑक्सिजन झाला. ॲल्युमिनियम घातले की तो जवळजवळ सगळा त्याला चिकटतो आणि त्याची ॲल्युमिना होते. ॲल्युमिना म्हणजे ज्यापासून घासायचा कुरुंद आणि अंगठीतले माणिक होते, तोच पदार्थ. २० किलो ऑक्सिजनपासून ती ४२ किलोच्या वर तयार होते. २००० अंशांच्या वर तापल्याशिवाय ती वितळत नाही. पोलाद तर १६०० अंशांवर आहे. तेव्हा ऑक्सिजनचे दुखणे गेले खरे, पण त्या बदल्यात लेडलभर ४२ किलो कुरुंदाची पूड झाली. ती जर पोलादातच राहिली तर औषधाने रोगापेक्षा जास्त नुकसान केले म्हणायचे.

कणाचा जन्म

पॅनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा: पाक संपृक्ततेच्या जरासा पुढे गेला की लगेच दाणा धरतो का? तो म्हणेल, नाही. थोडा पुढे गेलेला पाक तसाच राहतो, म्हणून तर आपण बारीक साखरेची स्लरी सोडून त्याला दाणा देतो. पाक फारच पुढे गेला तर मात्र न बोलावता एकदम असंख्य बारीक दाणे उठतात. त्यालाच फॉल्स ग्रेन म्हणतात आणि तो झाला की सेंट्रिफ्यूगलवर बोंब होते.

हे असे का, याचे कारण साखरेला आणि पोलादाला एकच लागू आहे. नवा कण म्हणजे नवा पृष्ठभाग. पृष्ठभाग तयार करायला शक्ती खर्ची पडते. कण अगदी चिमुकला असताना त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो, खर्च जास्त आणि मिळकत कमी, म्हणून तो जन्मतो आणि परत विरघळून जातो. एका ठराविक मापाच्या पुढे गेला तरच तो जगतो. पोलादात हे माप मायक्रॉनच्याही हजाराव्या भागाच्या आसपास आहे. शिवाय ॲल्युमिना आणि वितळलेले पोलाद यांचे मुळीच पटत नाही. अळवाच्या पानावरून पाणी जसे अंग चोरून घेते, तसे पोलाद ॲल्युमिनापासून अंग चोरते. जेवढे वैर जास्त तेवढा नवा पृष्ठभाग महाग. त्यामुळे साध्या थोड्याशा अतिसंपृक्ततेवर ॲल्युमिनाचा कण जन्मतच नाही. त्याला भरपूर जोर लागतो.

तो जोर मिळतो ॲल्युमिनियम टाकतात त्या ठिकाणी. गोळा किंवा तार आत गेली की ती क्षणात वितळते आणि त्या जागी ॲल्युमिनियम दाट होते. आजूबाजूला विरघळलेला ऑक्सिजन आहेच. दोघांचे प्रमाण एकदम एवढे वाढते की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कोट्यवधी कण उठतात. पोलादातला हा फॉल्स ग्रेनच म्हणा. फरक एवढाच की पॅनवर आपण तो टाळू शकतो, लेडलमध्ये तो टळत नाही. ऑक्सिजन जास्त असताना उठलेले पहिले कण झाडाच्या फांद्यांसारखे वेडेवाकडे फुटतात, कारण वाढायची घाई असते. ऑक्सिजन उतरला की मागाहून वाढणारे जास्त गोल किंवा पैलूदार होतात.

वाढ कशी होते

जन्मलेला कण आधी आजूबाजूचा ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियम ओढून घेऊन वाढतो. ही वाढ फार लवकर आटोपते, कारण कण असंख्य आणि खाणे थोडे. एका पातेल्यावर गावजेवण बसवले तर प्रत्येकाच्या पानात किती पडणार? कण एक-दोन मायक्रॉनचे होतात तोवर विरघळलेला ऑक्सिजन दहा लाखांत चार-पाच भागांवर येऊन ठेपतो आणि वाढ थांबते.

त्यानंतर एक सावकाश व्यवहार चालतो. लहान कण हळूहळू विरघळतात आणि त्यांचे द्रव्य मोठ्यांवर जाऊन बसते. मोठे अधिक मोठे होतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड याच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. त्याला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. साखरेतही ही क्रिया आहे. पण ॲल्युमिनाच्या बाबतीत पोलादात विरघळलेला ऑक्सिजन इतका थोडा उरतो की द्रव्याची ने-आण करायला गाडीच नाही. त्यामुळे पुस्तकात या क्रियेला बरीच पाने मिळत असली तरी लेडलमध्ये तिचा वाटा लहान आहे.

खरी वाढ होते ती टकरीतून, आणि इथे आपण गुऱ्हाळावर येऊ. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या भेंडीचे पाणी सोडतो. रसातला बारीक गाळ सुटासुटा असतो तोवर तो वर येत नाही. भेंडीच्या चिकटपणाने तो एकमेकांना धरतो, त्याचे पुंजके होतात आणि पुंजके वर येऊन मळीची साय धरते. मग झाऱ्याने ती काढायची. पोलादात भेंडी घालावी लागत नाही. पोलादाला ॲल्युमिना नकोशी असते हे वर सांगितलेच. दोन कण फिरता फिरता जवळ आले की त्यांच्या मधले पोलाद मागे सरते आणि ते दोन कण एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटले की त्या उष्णतेत त्यांचे सांधे भाजून पक्के होतात. दोनाचे चार, चाराचे चाळीस असा फुलकोबीसारखा गड्डा तयार होतो. कण दोन-तीन मायक्रॉनचे, पण गड्डा शंभर-दोनशे मायक्रॉनचा. हेच गड्डे ओतण्याच्या तोटीत थर धरतात आणि ठिबकची तोटी क्षारांनी चोंदावी तशी पोलादाची तोटी चोंदते. थराचा तुकडा सुटून मालात गेला तर ते आणखी वाईट.

म्हणजे गड्डा शत्रू झाला का? तो मालात राहिला तर शत्रू, लेडलमध्ये असेतोवर मित्र. कारण मोठा झाल्याशिवाय कण वर येत नाही.

जॉर्ज स्टोक्स या आयरिश गणितज्ञाने १८५१ मध्ये मांडलेला नियम असा की द्रवात कण वर किंवा खाली जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्यास दहापट, तर वेग शंभरपट. आपल्या क्लॅरिफायरमध्ये गाळ खाली बसतो तो याच नियमाने. पोलाद पाण्याच्या सातपट जड, ॲल्युमिना चौपटीच्या जरा आत, म्हणून इथे गाळ वर येतो. तीन मीटर खोल लेडलच्या तळाशी शंभर मायक्रॉनचा कण असेल तर तो साधारण वीस मिनिटांच्या आत वर पोचतो. दहा मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीस तास लागतील. दोन मायक्रॉनच्या कणाला महिना. आणि लेडलमधले पोलाद काही महिनाभर तापत ठेवता येत नाही. तास-दोन तासांच्या आत सगळे उरकावे लागते.

म्हणून लेडलच्या तळातून आरगॉन वायूचे बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांनी पोलाद ढवळले जाते, कण एकमेकांवर आपटून मोठे होतात, काही कण बुडबुड्याला चिकटून वर जातात, आणि वरच्या मळीत चुन्याचे प्रमाण नीट राखलेले असेल तर ती त्यांना आपल्यात विरघळवून घेते. रस शुद्ध करायला चुना आणि पोलाद शुद्ध करायलाही चुना, ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे. पण ढवळणे मंद हवे. जोराने ढवळले तर मळीचा थर फुटतो, पोलाद उघडे पडते, हवेतला ऑक्सिजन परत आत जातो आणि काढलेल्या कणांच्या जागी नवे जन्मतात. चुलवाणात जळण जास्त कोंबले की काहिलीतली मळी परत रसात मिसळते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

निर्वात टाकीतला उपाय याहून देखणा. तिथे दाब इतका कमी करतात की पोलादातला कार्बनच उरलेल्या ऑक्सिजनला धरून वायू होऊन निघून जातो. या औषधाची पूडच होत नाही. शिवाय हायड्रोजनही बाहेर पडतो. तो राहिला तर मोठ्या घडीव शाफ्टच्या पोटात नंतर बारीक तडे जातात. 'व्हॅक्यूम डीगॅस्ड' या दोन शब्दांचा अर्थ हा एवढा आहे. या सगळ्याला वेळ, वीज, वायू आणि विटा लागतात. दरातला फरक बऱ्याच अंशी इथे आहे. घाईने, अर्ध्या वेळात ओतलेले पोलादही त्याच ग्रेडचे असते, कार्बन-क्रोमियम तेवढेच भरते, आणि बाहेरून तसेच दिसते.

आणखी एक उपाय कॅल्शियमचा. पातळ नळीत भरलेली कॅल्शियमची पूड तारेसारखी पोलादात सोडतात. कॅल्शियम ॲल्युमिनाशी मिळून असा पदार्थ करते की तो १६०० अंशाला पातळ असतो. काटेरी गड्ड्यांऐवजी गोल थेंब होतात, तोटी चोंदत नाही. पुष्कळ पोलादांना हे उत्तम. पण बेअरिंगचे पोलाद करणारे चांगले कारखाने कॅल्शियमपासून दूर राहतात, कारण त्यातले मोठे गोल थेंब गोठून कडक गोळ्या होतात आणि छर्ऱ्याच्या पोटात त्या घातक ठरतात. सगळ्या जमिनींना एकच खत चालत नाही.

गोठताना जन्मणारे कण

वरचे सगळे नीट केले तरी काम संपत नाही. पोलाद गोठताना आधी शुद्ध भाग गोठतो आणि अशुद्ध द्रव्ये उरलेल्या द्रवात साचत जातात. हे तर आपल्या रोजच्या धंद्यातलेच. साखरेचा दाणा शुद्ध बाहेर पडतो आणि घाण मळीत गोळा होते. पोलादात शेवटच्या थेंबात गंधक, नायट्रोजन, टायटॅनियम दाटतात. गंधक मँगनीजशी मिळून एक प्रकारचे कण करते, टायटॅनियम नायट्रोजनशी मिळून दुसऱ्या प्रकारचे. पहिले मऊ असतात. पोलाद लाटले की ते शेवयांसारखे लांबतात आणि आडव्या दिशेने पोलाद कमजोर होते. दुसरे चौकोनी, सोनेरी रंगाचे आणि फार कडक. सूक्ष्मदर्शकाखाली मोठे सुंदर दिसतात. पण त्यांचे कोपरे तीक्ष्ण असतात आणि तडा कोपऱ्यापासूनच निघतो. पुष्कळदा हे कण आधीच्या ॲल्युमिनाच्या कणावरच बसून वाढतात. आयता दाणा मिळाला की नवा कशाला शोधायचा?

या कणांना वर यायला वेळच नसतो, कारण भोवतालचे पोलाद गोठलेले असते. उपाय एकच: गंधक, टायटॅनियम आणि नायट्रोजन आधीच कमी ठेवणे. लवकर गोठवले तर कण लहान राहतात, पण मोठ्या शाफ्टला मोठा ठोकळा लागतो, तो गोठायला कित्येक तास घेतो आणि तेवढा वेळ कणांना वाढायला मिळतो. म्हणून माल जेवढा जाड तेवढी पोलादाची स्वच्छता जास्त महत्त्वाची. उलट नट-बोल्टसारख्या मालासाठी गंधक मुद्दाम घालतात, म्हणजे लेथवर कीस सुटा पडतो. तिथे तोच दोष गुण होतो.

मोडते कसे

फिरणाऱ्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिलचा रोलर मिनिटाला पाच फेरे घेतो असे धरले तर दिवसाला ७,२०० आणि १५० दिवसांच्या हंगामात १० लाख ८० हजार फेरे झाले. रोलर तर सावकाश फिरतो. तुमच्या विहिरीवरची मोटर मिनिटाला २,९०० फेरे घेत असेल तर आठ तासांत तिच्या बेअरिंगवर जवळजवळ १४ लाख फेरे होतात. आपल्या फायबरायझरच्या बेअरिंगचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पोलाद ताणले की थोडे लांबते, पण त्यातला ॲल्युमिनाचा कण लांबत नाही. शिवाय गार होताना पोलाद जेवढे आकसते तेवढा तो आकसत नाही, त्यामुळे त्याच्या भोवतीचे पोलाद आधीपासूनच ताणलेले असते. लाखो फेऱ्यांनंतर कणाच्या कडेला केसाहून बारीक तडा सुरू होतो. तो दर फेऱ्याला किंचित पुढे सरकतो. बाहेरून काही कळत नाही, आवाज नाही, धूर नाही. कडक मिश्र पोलादात तुटलेले तोंड पाहिले तर कधी कधी त्यावर गोल, उजळ डाग दिसतो आणि त्याच्या बरोबर मध्ये एक बारीक ठिपका. माशाच्या डोळ्यासारखा म्हणून त्याला 'फिश आय' नाव पडले आहे. मधला ठिपका म्हणजे आपला कण. जपानच्या क्युशू विद्यापीठातले प्राध्यापक युकिताका मुराकामी यांनी अशा कणांचा पुष्कळ अभ्यास करून दाखवले की कण कोणत्या पदार्थाचा यापेक्षा तो किती मोठा आणि पृष्ठभागाच्या किती जवळ आहे यावर पोलादाची सहनशक्ती जास्त अवलंबून असते. कोट्यवधी बारीक कणांनी जे होत नाही ते एका मोठ्याने होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मोडलेल्या प्रत्येक शाफ्टचा दोष पोलादावर ढकलता येत नाही. चावीच्या खाचेचा कोपरा तीक्ष्ण ठेवला, जोडणी सरळ रेषेत नसली, तेल वेळेवर गेले नाही, झिजलेल्या जागी घाईत वेल्डिंग भरले, तर जगातले सर्वांत स्वच्छ पोलादही मोडेल. प्रत्यक्षात ही कारणे जास्त वेळा सापडतात. बेअरिंगचे छर्रे, गिअर बॉक्सचा पिनियन, टर्बाईनचा शाफ्ट अशा कडक आणि वेगात फिरणाऱ्या मालात मात्र कणांचा हिशेब सोडून चालत नाही. रोज अडीच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा पिनियन जानेवारीत गेला, तर एक दिवसाच्या बंदने अडीच हजार टन ऊस गव्हाणीबाहेर थांबतो. तोडलेला ऊस वजनाला घटतो, उताऱ्याला घटतो आणि ती घट कुणाच्या खात्यावर पडते ते सभासदांना माहीत आहे.

दाखला कसा वाचावा

मालाबरोबर तपासणीचा दाखला येतो. त्यात कार्बन, मँगनीज, क्रोमियमचे आकडे सगळेच देतात. ते बरोबर असणे हे किमान आहे. त्यापुढे तीन रकाने पाहावेत.

अल्ट्रासॉनिक तपासणीत आवाजाच्या लहरी शाफ्टच्या पोटात सोडतात. मोठी पोकळी, तडा, मिलिमीटरच्या मापाची घाण तिला सापडते. शाफ्टसाठी ही हवीच, पण वीस-तीस मायक्रॉनचा कण तिला दिसत नाही. तेव्हा "अल्ट्रासॉनिक पास" एवढ्यावर पोलाद स्वच्छ ठरत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीत कणांचे चार गट करतात. ए म्हणजे लांबलेले गंधकाचे, बी म्हणजे ओळीने आलेले ॲल्युमिनाचे, सी म्हणजे वाळूच्या जातीचे सिलिकेट आणि डी म्हणजे गोल गोळ्या. प्रत्येकात बारीक आणि जाड असे दोन रकाने. ठरलेल्या चित्रांशी ताडून आकडा देतात. आकडा लहान तेवढे बरे. बेअरिंग आणि पिनियनच्या मालात बी आणि डीच्या जाड रकान्यावर आधी बोट ठेवावे.

तिसरा रकाना एकूण ऑक्सिजनचा. पोलाद गोठल्यावर त्यातला ऑक्सिजन जवळजवळ सगळा कणांतच असतो, म्हणून हा आकडा म्हणजे राहिलेल्या मळीचे वजनच. आज चांगल्या बेअरिंग पोलादात तो दहा लाखांत दहा भागांच्या खाली असतो. वरच्या ५० टनांच्या लेडलमध्ये दहा भाग म्हणजे अर्धा किलो ऑक्सिजन आणि साधारण एक किलो ॲल्युमिना. सुरुवातीच्या बेचाळीस किलोंपैकी एक्केचाळीस किलो वर काढून टाकलेली असते. ज्या दरपत्रकात हा रकाना कोरा असतो, त्या पार्टीकडून आकडा लेखी मागवून घ्यावा आणि मगच दोन दरांची तुलना करावी.